पुलाखाली, चार वाजता

मित्रांनो, माझ्या अंगावर आजवर जितके खरे लिहिले गेले, त्याहून खोटेच जास्त. त्यामुळे माझे बोलणे तुम्ही जरा पारखून घेतलेत तरी मला राग यायचा नाही. मी एक जुना फळा आहे. हल्लीच्या गुळगुळीत पांढऱ्या फळ्यांपैकी नव्हे. अस्सल काळ्या दगडाचा, लाकडी चौकटीतला, खालच्या कोपऱ्यात तडा गेलेला. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या टॉलिव्हर गावात वेल्डा टॉर्गरसन या बाईंचे मासेमारीच्या सामानाचे दुकान आहे. तिथे दारातून आत शिरले की डाव्या हाताला मी टांगलेला असतो.

माझा जन्म इथला नाही. दूर पूर्वेला, पेनसिल्व्हेनियातल्या एका खाणीतून मला काढले. कारागिरांनी छिन्नीने पापुद्रा सोडवावा तसे मला डोंगरापासून सोडवले, वाळूने घासले, चौकटीत बसवले आणि आगगाडीत चढवले. मी उतरलो तो ऑटर ओढ्याकाठच्या एका खोलीच्या शाळेत. एक शेगडी, एक बाई, सोळा-सतरा मुले आणि मी. साठ वर्षांहून जास्त काळ मी तिथे काढला.

त्या शाळेतल्या शेवटच्या बाई म्हणजे मिस ब्रॅकेट. शिकवताना त्या माझ्यासमोर उभ्या राहत, पण गणित तपासायला मात्र कडेला येत. खिडकीतला उजेड माझ्यावर तिरपा पडला, की कोरड्या बाहीने पुसलेले अक्षरही दिसते. मुलाने आधी काय लिहिले आणि नंतर घाबरून काय केले, हे त्यांना तिथून वाचता येई.

लायल हाउगन नावाचा सात वर्षांचा एक मुलगा होता. त्याने एकदा सात नव्वे त्रेसष्ट असे बरोबर लिहिले. मागच्या बाकावर कोणी तरी खोकले. लायलने वळून पाहिले, घाईने बाही फिरवली आणि छप्पन्न लिहिले. मिस ब्रॅकेट कडेला आल्या.

"लायल, आधीचं बरोबर होतं."

"मला वाटलं, ते हसतायत."

"हसू देत. कुणी बघतंय म्हणून पुसायचं नाही."

हा लायल पुढे मोठा झाला आणि शाळेच्या बसचा चालक झाला. ती बस ओढ्याकाठच्या मुलांना गावातल्या मोठ्या शाळेत नेऊ लागली आणि आमची शाळा बंद पडली. म्हणजे ज्याला मी पाढे शिकवले, त्यानेच माझे काम काढून घेतले. पण मी मनात धरले नाही. धरून ठेवणे माझ्या अंगातच नाही. फडके फिरले की झाले.

त्यानंतरची एकोणीस वर्षे मी एका गवताच्या कोठारात पडून होतो. कोंबड्या माझ्यावर बसत. एका हिवाळ्यात छप्पर बर्फाच्या भाराने खचले, तेव्हा मला हा तडा गेला. वेल्डाबाईंनी दुकान काढले त्या वर्षी लायलला माझी आठवण झाली. त्याने मला घोंगडीत गुंडाळून आणले. "शाळेचा आहे," तो वेल्डाला म्हणाला, "माझ्याबद्दल काही सांगायला लागला तर विश्वास ठेवू नकोस."

या दुकानात येणारी माणसे मी बारकाईने पाहिली आहेत. मी त्यांना माशीवाले म्हणतो. पिसे, हरणाचे केस आणि दोरा गळावर गुंडाळून ते खोटी माशी बांधतात आणि खऱ्या ट्राउट माशाला फसवतात. कडाक्याच्या थंडीत कमरेपर्यंत नदीत उभे राहतात. गळाच्या काठीवरच्या, दोरा ओवलेल्या कड्यांत बर्फ साचला की तो तोंडाने चोखून काढतात. इतके करून मासा मिळाला, तर त्याला दोन्ही हातांनी अलगद पाण्यात सोडून देतात आणि संध्याकाळी दुकानात येऊन त्याची लांबी चार बोटे वाढवून सांगतात.

माशीवाला तुम्हाला एक वेळ आपला कोट काढून देईल, पण जागा सांगणार नाही. जागा म्हणजे नदीतले ते वळण, तो खडक, जिथे त्याला मासा लागतो. ती विचारायचीही नसते. विचारणे इथे फार वाईट दिसते.

दुकानाच्या दुसऱ्याच हिवाळ्यात एक गृहस्थ घळीच्या रस्त्यावरून घसरले आणि दोन दिवस मोटारीत अडकून पडले. ते वाचले. वेल्डाने मला धुऊन माझ्यावर तीन रकाने आखले: नाव, कुठे, परत कधी. हिवाळ्यात नदीवर जाणाऱ्याने लिहून जायचे, परत आला की आपल्या हाताने ओले फडके मारून पुसायचे. वेळ टळून गेली आणि नाव तसेच राहिले, तर बाकीच्यांनी शोधायला निघायचे. नियम चांगला होता. सगळ्यांनी तो पाळला. नाव खरे लिहिले, वेळ खरी लिहिली आणि जागेच्या रकान्यात लिहिले, पुलाखाली. पूल गावालगतचा, तिथली जागा कोणाचेच गुपित नव्हती.

एका हिवाळ्याचा हिशेब मी ठेवला होता. एकशे चौदा वेळा माझ्यावर 'पुलाखाली' उमटले. त्यातले खरोखर पुलाखाली गेलेले नऊ. मला कसे कळले? बुटांवरून. जानेवारीत सगळी जमीन दगडासारखी असते. चिखल असतो तो फक्त कोमट झऱ्यांपाशी. असे सात-आठ झरे या खोऱ्यात आहेत. तिथे नदी गोठत नाही आणि मासे तिथेच गोळा होतात. कोणाच्या बुटाला राखाडी चिखल असे, कोणाच्या पिवळा. लायलच्या बुटांना नेहमी लाल असे. वेल्डा जमीन पुसताना तो चिखल पाही आणि काही बोलत नसे.

लायल आता अडुसष्ट वर्षांचा होता. बायको जाऊन सहा वर्षे झालेली, मुलगी दूर सिअॅटलला. बर्फावर गाडी कशी चालवावी, हे अर्ध्या गावाला त्याने शिकवले होते. मागच्या चाकांवर भार पडेल अशी वाळूची पोती ठेवावीत, टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नये, काचेसारख्या बर्फावर ब्रेक दाबू नये, गाडीत घोंगडी, फावडे आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात एक मेणबत्ती असावी. "डब्यातली एक मेणबत्ती माणसाला संध्याकाळभर जिवंत ठेवते," असे तो म्हणे. सगळे ऐकत. सगळ्यांत चांगला चालक लायल आणि जागेच्या बाबतीत सगळ्यांत मोठा लबाडही लायलच.

मित्रांनो, आता त्या दिवसाचे सांगतो.

जानेवारीचा महिना होता. दोन दिवस डोंगरावरून गरम वारा सुटून बर्फ वितळला होता आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पारा पुन्हा धाडकन उतरला होता. सगळे रस्ते काच झाले होते. सकाळी नऊला लायल आला. वेल्डा मागे कॉफी करत होती. त्याने खडू उचलला आणि माझ्यापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. मग दाबून, मोठ्या अक्षरांत त्याने लिहिले: लायल. क्रोगचा मेंढवाडा, झरा. चार वाजता.

मी चकित झालो. चोवीस हिवाळ्यांत पहिल्यांदाच त्याने माझ्यावर खरे लिहिले होते. रस्त्याची त्याला मनातून भीती वाटली असावी.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. एमेट प्रुइट बूट आपटत आत आला. हा रस्त्यावरचा बर्फ खरवडणारी गाडी चालवतो. लहानपणी लायलच्याच बसने शाळेत जायचा, म्हणून अजून त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणतो. माशीवाला तोही आहे आणि लायलची जागा कोणती, या विचाराने बारा वर्षे त्याला झोप नाही, असे तो स्वतःच सांगतो.

लायलने मागे पाहिले. लोकरी कोटाची बाही माझ्यावरून फिरवली आणि त्याच जागी लिहिले, पुलाखाली.

"काय ड्रायव्हरसाहेब, आज कुठं?"

"वाचता येतं ना तुला? पुलाखाली."

"पुलाखाली एवढी गर्दी असते म्हणजे तिथं एक बसथांबा करायला हवा. तुम्हीच चालवा बस."

"तू आधी रस्ता खरवड नीट. परवा माझ्या फाटकापुढं अख्खा डोंगर करून गेलास."

"तो प्रेमानं केला होता."

वेल्डा कॉफी घेऊन पुढे आली. "लायल, रस्ता काच झालाय. आज घरी बसलास तर मासे रडणार नाहीत."

"वेल्डा, बत्तीस हिवाळे पोरं नेलीयेत मी. एकालाही खरचटलं नाही."

"गाडीत पोरं होती म्हणून हळू चालवलंस."

लायल हसला. बारीक काळ्या माश्या अर्धा डझन घेतल्या आणि गेला. त्याच्या बाहीवर माझा पांढरा खडू होता.

चार वाजले. माझ्यावर त्याचे नाव तसेच होते. सव्वाचारला वेल्डाने पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसला. साडेचारला ती दाराशी जाऊन उभी राहिली. बाहेर अंधारत चालले होते. पाचला तिने एमेटला आणि शेरीफच्या कचेरीला फोन केला.

सगळे पुलाकडे गेले. जाणार दुसरे कुठे? माझ्यावर तेच लिहिले होते. मित्रांनो, जन्मभर मला मुके असण्याचे दुःख कधी झाले नव्हते. मुले चुकली, मोठे खोटे बोलले, मी गप्प राहिलो आणि त्यात मला गंमतच वाटली. त्या संध्याकाळी मात्र खरी जागा माझ्या अंगावर होती, त्या खोट्या अक्षरांच्याच खाली, आणि मला ती सांगता येत नव्हती.

सातच्या सुमारास एमेट परत आला. त्याच्या दाढीवर बर्फ होता. तो माझ्याकडे पाठ करून शेगडीजवळ उभा राहिला.

"पुलाखाली कुणी नाही. गाडी नाही, पावलं नाहीत. शेरीफची माणसं अजून दोन्ही काठ बघतायत. त्यांना वाटतंय, नदीनंच..." त्याने वाक्य पुरे केले नाही. "माझ्यासमोर लिहिलं हो त्यांनी, वेल्डा."

"तुझ्यासमोर लिहिलं म्हणूनच."

एमेटने ओले हातमोजे काढून शेगडीवर धरले.

"त्याच्या बुटांना लाल चिखल असतो," वेल्डा म्हणाली. "कुठल्या तरी झऱ्याचा. कुठल्या, ते मी विचारलं नाही कधी."

"का नाही विचारलं?"

"तू विचारलं असतंस?"

"नाही." मग तो हळूच म्हणाला, "मी आत आलो तेव्हा त्यांची बाही पांढरी होती. खडूनं. वेल्डा, त्यांनी आधी काहीतरी लिहिलं होतं."

वेल्डाने माझ्याकडे पाहिले. समोरून तिला काही दिसले नाही. तिने दुकानातले दिवे मालवले, हातातली विजेरी लावली आणि माझ्या चौकटीला आडवी टेकवून धरली. उजेड माझ्या अंगावरून तिरपा सरकला. मिस ब्रॅकेट गेल्यावर इतक्या वर्षांनी कोणी तरी माझ्या कडेला येऊन उभे राहिले होते.

"क," वेल्डा वाचू लागली. "क्रो... पुढचं गेलंय. मेंढ... झ..."

"क्रोगचा मेंढवाडा," एमेट म्हणाला. "चौदा मैल आहे. तो रस्ता हिवाळ्यात आम्ही खरवडतच नाही."

"मग आज खरवड."

पुढचे मी एमेटच्या तोंडून ऐकले. मेंढवाड्याच्या अलीकडे तीन मैलांवर एका वळणाखाली, झुडपांत, लायलची गाडी कुशीवर पडली होती. वरून दिसतही नव्हती. एमेटला दिसला तो फक्त पिवळसर डाग. कॉफीच्या डब्यातली मेणबत्ती संपत आली होती. लायलचा पाय गुडघ्याखाली मोडला होता आणि हात ओल्या हातमोज्यांत गोठले होते. एमेटने त्याला आपल्या गाडीत उचलून घेतले, तेव्हा तो म्हणाला, "तू इथं कसा काय आलास रे?" एमेट म्हणाला, "बसथांबा शोधत." मग म्हणे तो सगळा रस्ता रडत होता. म्हणजे एमेट.

लायल वाचला. उजव्या हाताची चार बोटे डॉक्टरांना काढावी लागली.

मार्चमध्ये तो काठी टेकत दुकानात आला. वेल्डाने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. कप त्याने डाव्या हाताने धरला. मग तो आपणहून बोलू लागला.

"साडेतीनला निघालो. बुटांच्या नाड्या गोठून लाकूड झाल्या होत्या, सुटेनात. चारला येऊन नाव पुसायचं होतं. म्हटलं, उशीर झाला तर तुम्ही शोधायला निघाल आणि पुलाखाली मी नाही हे सगळ्या गावाला कळेल. म्हणून पाण्यातले बूट तसेच पायात ठेवून गाडीत बसलो."

माशीवाल्यांच्या त्या बुटांच्या तळव्याला जाड नमदा, म्हणजे दाबून बसवलेल्या लोकरीचा थर असतो, नदीतल्या शेवाळावर पाय सरकू नये म्हणून. पाण्यात तो घट्ट धरतो. पण भिजलेल्या नमद्याला बर्फ चिकटतो आणि गोठून त्याचा गोळा होतो.

"वळणावर पाय ब्रेकवर ठेवला आणि तो साबणासारखा सटकला," लायल म्हणाला.

"म्हणजे लबाडी उघडी पडू नये म्हणून घाई केलीस," वेल्डा म्हणाली.

"हो." तो आपल्या हाताच्या पट्टीकडे पाहत होता. "बत्तीस वर्षं पोरांना रोज ओरडून सांगत आलो. बूट झाडा, मग चढा."

वेल्डा हसली नाही. तिने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

गावातल्या माशीवाल्यांना अर्थातच एकच गोष्ट हवी होती. चौकशी पायाची करत, पण सगळा रोख जागेवर. "एमेट, शेवटी सापडला कुठं रे म्हातारा?" एमेट गंभीर चेहऱ्याने सांगे, "पुलाखाली." विचारणाऱ्याला कळे की हे खोटे आहे, एमेटला कळे की त्याला कळले आहे आणि विषय तिथेच संपे. बारा वर्षे ज्या जागेचा त्याला ध्यास होता ती आता त्याला ठाऊक होती, आणि त्याने ती लायलसारखीच जपली.

वेल्डाने माझ्या 'कुठे' या रकान्यावर जुन्या चादरीचा पडदा शिवून लावला. खरे लिहायचे, पडदा ओढायचा, वेळ टळल्याशिवाय कोणी तो उचलायचा नाही. त्यानंतर लोक खरे लिहू लागले का? माझ्या हिशेबाने निम्मे. उरलेल्यांना पडद्यावरही भरवसा नव्हता.

पुढच्या डिसेंबरात लायल पुन्हा आला. बरोबर एमेट होता. आता दोघांनी एमेटच्या गाडीतून जायचे असे ठरले होते. शेगडीभोवती चार माशीवाले कॉफी पीत बसले होते. लायलने सवयीने उजव्या हाताने खडू उचलला. तो पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. चौघांपैकी कोणी वर पाहिले नाही.

"दे लिहून," लायल म्हणाला.

एमेटने पडदा बाजूला केला. लायलचे नाव लिहिले, आपले लिहिले. मग जागेच्या रकान्यात 'पु' काढला.

"काय लिहितोस?"

"नेहमीचंच."

"खरं लिही."

एमेट खाली वाकून त्याच्या कानाशी म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, दुकानात चार माणसं आहेत."

"माहीत आहे मला. माझे डोळे गेले नाहीत, बोटं गेलीत." मग तो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला. "कुणी बघतंय म्हणून पुसायचं नाही."

मला शाळेची ती खिडकी आठवली. मिस ब्रॅकेटना जाऊन तीस वर्षे झाली असतील.

एमेटने 'पु' पुसला. ओल्या फडक्याने, नीट. मग लिहिले: क्रोगचा मेंढवाडा, झरा. चार वाजता. त्याने पडदा ओढला, तर लायलने अंगठा अडकवून तो पुन्हा बाजूला सारला आणि तसाच ठेवला.

"आणि बूट?" काउंटरमागून वेल्डाने विचारले.

"कोरडे पिशवीत घेतलेत. शिवाय चालवणार हा आहे."

चारला दहा कमी असताना ते परत आले. लायलने तळहाताने ओले फडके दाबून माझ्यावरची ओळ स्वतः पुसली. त्याला वेळ लागला. कोणी मदत केली नाही आणि ते बरेच झाले.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझा तडा दर हिवाळ्यात केसभर वाढतो आणि एक दिवस मी दोन तुकडे होऊन पडेन. मला रंग नको, नवी चौकट नको. माझे मागणे एवढेच आहे. तुमची गुपिते तुम्ही खुशाल जपा. माणसाला एखादी जागा आपली असावी. पण तुम्ही परतण्याची कोणी वाट पाहत असेल, तर निदान त्याच्यापाशी ती खरी लिहून जा. आणि दुसऱ्याचे खरे तुमच्या नजरेला पडले, तर ते सांभाळा.

त्या दिवशी माझा पडदा संध्याकाळपर्यंत उघडा होता. त्या चौघांनी ती ओळ वाचली, मी त्यांचे डोळे पाहिले. त्या हिवाळ्यात ते चौघे मिळून सत्तावीस वेळा नदीवर गेले. परत आले की मी त्यांचे बूट पाहत असे. राखाडी चिखल दिसला, पिवळा दिसला. लाल चिखल एकदाही दिसला नाही.